पडायची शिकवणी

इंग्लंडला एम.ए. करायला जायचं ठरलं तेव्हा सगळ्या नातेवाइकांना काळजी पडली ती थंडीची. एका मावशीने तर लोकरीचे मोजे विणून पाठवले, तेही जन्मापासून जे पाय काही बोललेले नाहीत त्यांच्यासाठी! मी व्हीलचेअरवर, आणि मोजे मात्र दोन जोड.

खरी अडचण निघाली व्हिडिओ कॉलवर. तिथल्या विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या बाईंनी विचारलं, "खोलीत एकटी असताना पडलात तर काय कराल?" शेजारी बसलेली आई उत्तर देणार, तोच त्या म्हणाल्या, "मला तिच्याकडून ऐकायचंय." मी कधी पडलेच नव्हते. आईबाबांनी पडूच दिलं नव्हतं. कुणीतरी हात पुढे करून उभंच असायचं. एवढी घोडी झाले, पण जमिनीवरून खुर्चीत चढणं मला ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "रात्री इथे मदतीला कोणी नसतं. तेवढं जमल्याशिवाय येऊ नका." राग आला, पण त्यांचं बरोबर होतं.

कर्वेनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलभर गाद्या पसरल्या. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी सांगितलं, एकदम खुर्चीत चढू नका, मधे एक पायरी घ्या. बाबांनी माळ्यावरून गणपती बसवायचा चौरंग काढला.

"अहो, त्यावर देव बसतो!" आई ओरडली.

"दहा दिवस. बाकी वर्षभर रिकामाच असतो," बाबा म्हणाले.

आई शेजारणीला म्हणाली, "लोकांच्या मुली जायच्या आधी कुकर लावायला शिकतात. आमची पडायला शिकतेय." मग दोघी हसल्या. मी नाही हसले. रोज चौरंगापर्यंत यायचे आणि घसरायचे. जाणं होत नाही, असं मनाशी जवळजवळ ठरवलंही होतं.

एका दुपारी बाबा बाहेर गेले होते. आईला म्हटलं, काहीही आवाज आला तरी स्वयंपाकघरातून हलायचं नाही. पहिल्यांदा चौरंगावरून धाडकन खाली आले.

"लागलं का गं?"

"येऊ नकोस!" मी खेकसले.

मग पुन्हा चौरंगावर चढले, तळहात खुर्चीवर रोवले, अंग वर ओढलं. आणि बसले की!

"आई, जमलं!"

चाकं ढकलत आत गेले. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, नळ नुसताच वाहत होता.

"ऐकलंस का? जमलं मला."

तिने नळ बंद केला. "रोज देवाला सांगत होते," ती म्हणाली, "हिला जमू देऊ नकोस म्हणून."

मला संताप आला, आणि रडूही. शेवटी विचारलं, "बाबांना तिकीट काढायला सांगू?"

"सांग," ती म्हणाली. "लवकर सांग. माझं मन फिरायच्या आत."