बोटभर फट

थंडी तोंडावर आली की सुतारकाकांना श्वास घ्यायला उसंत नसे. खिडक्यांच्या झडपा रंधा मारून नीट बसवायच्या, चौकटीच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, दाराखाली जाड कापडाची पट्टी ठोकायची. काम असं चोख की वाऱ्याने बाहेरच डोकं आपटून घ्यावं. पण प्रत्येक खोलीत, छताजवळ, बोटभर फट ते मुद्दाम ठेवत. लोकांनी त्यांचं नावच पाडलं होतं, फटवाले.

"काका, लांबी काय घरी नेता उरवून?" असं कुणी चिडवलं तर ते हसण्यावारी नेत. कुणी हट्टालाच पेटलं तर हत्यारं पिशवीत टाकून चालू पडत, पण फट बुजवत नसत.

बुजवणार तरी कशी? हात वर गेला की पाठीमागून आईचा आवाज येई, "एवढी राहू दे रे." तिला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. काकांनी एकदाच वळून बघितलं होतं. मागे कुणीच नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती बसली.

आई छातीत थंडी भरून गेली, एवढंच घरात सगळ्यांना माहीत होतं.

यंदा घरात वीस दिवसांचा नातू होता. सून सकाळीच कडाडली, "बाबा, गावाचं राहू द्या. आपल्याच बाळाच्या डोक्यावर वारा सोडता?"

"ती फट राहणार," म्हणून काका कामाला निघून गेले.

दुपारी परतले तर घर चिडीचूप. बाळाच्या खोलीचं दार बंद. ढकललं तशी कोंदट गरम हवा तोंडावर आली. फटीत जुन्या चादरीचा बोळा कोंबलेला, कोपऱ्यात कोळशाची शेगडी लालभडक. सून आणि बाळ निपचित. काकांनी पिशवीतला हातोडा काढून खिडकीची काच फोडली, बाळाला छातीशी धरलं आणि सुनेला दंडाला धरून फरफटत अंगणात आणलं.

बाळ रडलं. एवढं गोड रडणं काकांनी जन्मात ऐकलं नव्हतं.

सून डोकं धरून बसली. ते जड झालं होतं. "काय झालं, बाबा?"

"आई अशीच झोपली होती."

"त्या तर थंडीने..."

"ते मी लोकांना सांगितलं. खोली मी बंद केली, शेगडी मी ठेवली. ती म्हणाली, एवढी राहू दे रे, जीव घाबरतो. मी म्हटलं, फटच ठेवायची होती तर सुतार कशाला जन्माला घातलास? हसली गं ती. माझ्या विनोदाला हसली आणि कूस बदलून झोपली."

सुनेने बाळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकांनी हात मागे घेतले, तेव्हा तिने ते धरून बाळाखाली ठेवले आणि खालून आपलाही हात लावला.