ज्याची नोटीस, त्याच्याच हातात

हैदराबादेतल्या सगळ्या कोर्टांत मिळून जेवढा कायदा असेल, त्याहून थोडा जास्तच हिमायतनगरला आमच्या आतोबांच्या घरात होता. आत्याचे हे यजमान वकील. पण पक्षकारापेक्षा त्यांचा जीव कागदावर. लहानपणी शाळेत द्यायचा रजेचा अर्ज त्यांना दाखवला, की "समास सोडलेला नाही, तारीख नाही, तापाला पुरावा नाही," असे आक्षेप काढून परत करत. दुरुस्ती होईपर्यंत ताप उतरलेला असे. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकाही ज्याचं नाव त्याच्याच हातात द्यायच्या आणि वर पोचल्याची सही घ्यायची, हा त्यांचा खाक्या. विहीणबाईंचीही त्यांनी सही घेतली आणि अख्खं लग्न आत्या त्यांची समजूत घालत हिंडली.

माझ्या धाकट्या काकांना तरुणपणीच मानसिक आजार जडला होता. विद्यानगरच्या घरात मागच्या खोलीत ते गप्प बसून असत. घर दोघा भावांचं. बाबांना ते विकायचं होतं, म्हणून काकांचे पालक म्हणून आपल्याला नेमावं, असा अर्ज त्यांनी आतोबांकरवीच कोर्टात केला. काकांच्या नावची नोटीस घेऊन बेलिफ आला, तेव्हा आतोबा आधीच दारात हजर!

"बडे साब लेलेते ना साब, चलता," बेलिफ म्हणाला. बाबांनीही हात पुढे केला. "द्या इकडे, मी सही करतो. त्याला काय कळणार?"

"हौ!" आतोबा म्हणाले. "अर्ज तुमचा, नोटीसही तुम्हीच घ्या, निकालही तुम्हीच द्या. कोर्टाला कशाला तकलीफ?"

मग ते बेलिफाला घेऊन आत गेले, काकांच्या पलंगावर बसले आणि त्यांनी ती नोटीस सोप्या मराठीत सावकाश वाचून दाखवली. काकांनी नोटीस हातात घेऊन तिच्यावरचं आपलं नाव पाहिलं. मग म्हणाले, "मी कोर्टात आलो तर चालेल?"

"चालेल काय? तुम्हालाच बोलावलंय!" आतोबांना इतका आनंद झाला, की बाबांनी चिडून विचारलं, "तुम्ही नेमके वकील कुणाचे?"

काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. जज्जसाहेबांना म्हणाले, "दादानं बघावं सगळं. पण घराचं मला विचारून." हुकुमात तसंच लिहून आलं. बाबा पुढे कितीतरी दिवस आतोबांशी फक्त आत्यामार्फत बोलत होते.

आतोबा आता नाहीत. परवा एक बिल्डर चांगला भाव घेऊन आला. बाबा उठले, काकांचं दार वाजवलं आणि उत्तर येईपर्यंत बाहेर उभे राहिले. मग परत येऊन बिल्डरला म्हणाले, "भाऊ नको म्हणतो." त्याला चहा पाजून त्यांनी वाटेला लावलं. हे बघायला आतोबा हवे होते.