रत्नाआत्याचं थांबणं

सकाळी चहा ठेवत होते, तेवढ्यात अकोल्याहून दाविदकाकांचा फोन आला. "पोरी, ताई गेली," एवढंच म्हणाले. रत्नाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची आणि दाविदकाकांची थोरली बहीण. जठारपेठेत ती या धाकट्या भावाबरोबर राहायची. अमरावतीहून निघाले तेव्हा दुःख तर होतंच, पण त्याच्या जोडीला एक भीतीही होती, आणि ती घरातल्या प्रत्येकालाच वाटत होती. काका आता पुन्हा पिऊ लागणार. त्यांना धरून ठेवणारं माणूसच उरलं नव्हतं.

आत्या दवाखान्यात नर्स होती. बोलायला फटकळ, मनानं लोण्यासारखी. आजी गेल्यावर काकांना तिनंच वाढवलं, त्या नादात स्वतःचं लग्नही राहून गेलं. काका रिक्षा चालवायचे आणि दिवस मावळला की प्यायचे. एका नाताळच्या उपासनेला ते चर्चमध्ये पिऊनच आले आणि पाळकसाहेबांना नको नको ते बोलले. तेव्हा मंडळीनं ठरवलं, सर्वांसमोर उभं राहून पश्चात्ताप करत नाहीत तोवर दाविदला प्रभुभोजनाची भाकर नाही. काका कसले वाकतात! दर रविवारी आत्याला चर्चला सोडायचे आणि स्वतः फाटकाबाहेर रिक्षात बसून राहायचे. घरी मात्र कितीही उशीर होवो, भाऊ आल्याशिवाय आत्या ताटावर बसायची नाही. आल्यावर आधी पोटभर भांडायची, मग दोघं जेवायची.

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकरीच्या तुकड्यांची ताटली आणि द्राक्षरसाचे इवलेसे पेले रांगेरांगेतून फिरतात. मी अकोल्याला गेले की आत्याशेजारी बसायची. ताटली आली की ती माझ्याकडे सरकवायची, स्वतः काहीच घ्यायची नाही. बरीच वर्षं हे असंच चाललं होतं. पाळकसाहेबांनी तिला माझ्यादेखत समजावलं, "बाई, मंडळीची बंदी दाविदवर आहे, तुमच्यावर नाही. त्यानं आधी पश्चात्ताप करू दे."

"साहेब, तो अजून बाहीर हाय," आत्या म्हणाली. "घरी बी त्याच्या आधी जेवत नाही मी. मंग देवाच्या घरी कशी जेवू?"

"आणि तो आलाच नाही तर?"

"त मी उपाशी. पन देवाची त्याच्यावरची माया कमी झाली, असं नका सांगू मले."

काकांना यातलं काही कळू द्यायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. "तो आला पायजे. वढून आणला नाही पायजे," असं तिचं म्हणणं. मला तर तिचा रागच यायचा. पिणाऱ्या माणसापायी प्रभूची भाकर सोडायची, हा मला शुद्ध वेडेपणा वाटायचा.

एकदा आत्या चष्मा रिक्षात विसरली. तो द्यायला काका चर्चच्या दारापर्यंत आले आणि नेमकी तेव्हाच ताटली तिच्यापुढून निघून गेली. परतताना त्यांनी विचारलं, "ताई, तू भाकर काहून नाही घेतली?"

"दात दुखून राहिला होता."

"येवढुशा तुकड्याले?"

मला राहवलं नाही. "तुमच्यासाठी थांबली आहे ती, काका. तुम्ही बाहेर बसायला लागलात तेव्हापासून." काकांनी रिक्षा कडेला घेतली. हँडलवर डोकं टेकलं आणि लहान पोरासारखे रडले. आत्यानं माझ्याकडे डोळे वटारले, पण तिचा हात मात्र त्यांच्या पाठीवरून फिरत होता.

पुढच्या प्रभुभोजनाला काका आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट. पाळकसाहेबांनी नाव घेतलं तसे उभे राहिले. "मी लय चुकलो," म्हणाले. "देवाची माफी मागतो, तुमची बी मागतो..." मग आत्याकडे हात करून म्हणाले, "आता हिले जेवू द्या."

ताटली घेऊन पाळकसाहेब स्वतः आमच्या बाकापाशी आले. आत्यानं तुकडा तोंडात घातला आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात भावाला म्हणाली, "किती उशीर केला रे! भूक लागली होती मले."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. काका पुढंही दोनतीनदा घसरले. पण मग ते फाटकाबाहेर बसून राहिले नाहीत. खाली मान घालून का होईना, आत आले. माणूस पस्तावला की देव प्रेम करतो, असं मी तोवर समजत होते. आत्यानं ते उलटं करून दाखवलं. प्रेम आधीच वाट पाहत असतं, म्हणून तर माणसाला परतायची हिंमत होते.

दफनविधीनंतर काही आठवड्यांनी मी पुन्हा अकोल्याला गेले, मनात तीच धास्ती घेऊन. काका दाढीबिढी करून स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. मला धीर धरवला नाही. विचारलंच, "काका, घेत तर नाही ना?"

ते रागावले नाहीत. तव्यावरची भाकर उलटवत म्हणाले, "पोरी, तिचा सभाव तुले माहीत हाय. देवाच्या पंगतीले बसली असन, पन जेवली नसन. आता पिऊन अजून किती उपाशी ठेवू तिले?"