सोमवारच्या खोट्या खुणा

आमच्या बेदाण्याची वेबसाईट माझ्यामुळे बिघडली. हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे पुढे वाचताना कुणी चोर शोधत बसायला नको. चोर बाहेरचा होता, पण दार मी उघडं ठेवलं होतं.

तासगावजवळ आमची द्राक्षाची बाग आहे. द्राक्षं वाळवून बेदाणा करायचा आणि तासगावच्या सौद्यात न्यायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. सौद्यात व्यापारी बॉक्समध्ये हात घालतो, मूठभर माल उचलून रंग बघतो, बोली होते आणि आपण घरी येतो. आपला बेदाणा पुढे कुणाच्या घरी गेला, कुणी खिरीत घातला, काही कळत नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

सुनेला वाटलं. ती कोयनानगरची. वडील धरणाच्या कामावर होते, ती तिथल्या वसाहतीत वाढली. तिकडं जमीन अधूनमधून हलते, त्यामुळे त्यांच्या घरात दाराशी एक पिशवी टांगलेली असते. घराचे कागद, बॅटरी, औषधं, जे गेलं तर परत मिळणार नाही ते सगळं त्यात. लग्न होऊन आली तर आमच्याही दाराशी तिनं तशी पिशवी टांगली. मी विचारलं होतं, कुठं पळून जायचा बेत आहे का. ती हसली होती आणि पिशवी तशीच ठेवली होती.

तिनं वेबसाईट काढली तेव्हाही मी टोमणेच मारले. बेदाणा काय फोटोत चाखायचा असतो का, असं म्हणाले. तिनं ऐकून घेतलं आणि लिहीत राहिली. कुठल्या दिवशी घड उतरवले, किती दिवस जाळीवर होते, मधे ढग आले का, रंग कसा पडला, असं वाळवणीच्या प्रत्येक शेडचं वेगळं लिहायची. खाली गिऱ्हाइकं लिहायची, ती त्यांना उत्तर द्यायची. हळूहळू साताऱ्यातून, सांगलीतून, पुण्यातून मागणी यायला लागली. दिवाळीच्या आधीचा महिना तर घरात चालायला वाट नसायची, सगळीकडे खोकी. मग मी टोमणे बंद केले. चांगलं केलंस, असं मात्र म्हणाले नाही. तशी मला सवय नाही.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर तिची आई पाय घसरून पडली. मांडीचं हाड मोडलं. सून माहेरी निघाली, दिवाळीपर्यंत तरी तिकडंच राहावं लागणार होतं. मुलगा बागेत अडकलेला. फळछाटणी चालू होती आणि पाऊस हटत नव्हता, रोज फवारणी. तेव्हा वेबसाईटचं सोमवारचं काम माझ्याकडे आलं.

मी म्हणाले, मला इंग्रजी येत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली.

ती म्हणाली, "आकडे येत्यात न्हवं, आत्ती? मग झालं."

मुलगा जेवत होता. तो म्हणाला, "आईच्या हातात दिलंस, म्हंजी आता वेबसाईटला बी शिव्या बसणार."

तिनं मला समजावलं ते असं. वेबसाईट आपली, पण तिला जोडलेले तुकडे दुसऱ्यांनी बनवलेले. त्यांना प्लगिन म्हणतात. एक फोटो दाखवतो, एक मागणी घेतो, एक गिऱ्हाइकाचा निरोप आपल्यापर्यंत आणतो. बनवणारे त्यात सुधारणा करत राहतात आणि ती सुधारणा आपण घ्यावी लागते. घ्यायची राहिली की पडद्यावर डाव्या हाताला तांबड्या गोलात आकडा दिसतो. तीन असेल तर तीन तुकडे जुने झाले. दर सोमवारी बसायचं, एक तुकडा घ्यायचा, बटण दाबायचं, थांबायचं. मग फोनवर वेबसाईट उघडून फोटो दिसतात का, मागणी जाते का ते बघायचं. मग दुसरा. सगळे एकदम घ्यायचे नाहीत. आकडा गेला की वहीत त्या सोमवारपुढं खूण करायची.

हे मला लगेच कळलं. नवीन औषध आम्ही आधी एका ओळीवर मारून बघतो, पानं करपली नाहीत तर मग सगळ्या बागेवर. तसंच ते होतं. पहिले दोन सोमवार मी नीट केले. बटणावरचा शब्द मला वाचता यायचा नाही, पण त्याचा आकार ओळखीचा झाला होता.

तिसऱ्या सोमवारी फोटोचा तुकडा नवा केला आणि वेबसाईटवरचे फोटो एकावर एक चढले. हिरवा बेदाणा काळ्यावर, काळा मजकुरावर, मागणीचं बटण कुठंच दिसेना. मी सुनेला फोन लावला. तिच्या घरात फोन नीट लागत नाही. तो लागला तेव्हा ती वरच्या रस्त्याच्या वळणावर येऊन उभी होती आणि मागून एसटी जाताना ऐकू येत होती. जुना तुकडा परत कसा बसवायचा ते तिनं एकेक करून सांगितलं. अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसात कुणी मागणी घालायला आलं असेल तर ते परत गेलं.

त्या दिवशी मी ठरवलं की दिवाळीपर्यंत आता या तुकड्यांना हात लावायचा नाही.

याचं कारण सांगते. द्राक्षाच्या बागेत काढणी जवळ आली की फवारणी बंद करतात. औषधाचा अंश मालात राहतो. एका वर्षी मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, काढणीच्या तोंडावर औषध मारलं. घडांवर भुरीची बुरशी दिसली म्हणून घाबरून मारलं. माल त्या खेपेला ताजाच परदेशी जायचा होता, तो तपासणीत नापास झाला आणि सगळा परत आला. मालक फौजेतून आलेले, चुकीला शिक्षा हवी असं मानणारे. स्वतःला शिक्षा म्हणून त्यांनी शेडच्या दारावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं, काढणीआधी फवारणी बंद. ते गेल्यावरही मी ते अक्षर दरवर्षी खडूनं गिरवते. ते वाचत वाचत माझी एवढी वर्षं गेली. दिवाळी म्हणजे वेबसाईटची काढणीच. काढणीच्या तोंडावर कशाला हात लावा, असा मी हिशोब केला. माझ्या मते तो अगदी बरोबर होता.

सुनेला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं समजावलं असतं, आणि सुनेनं समजावलेलं मला फार वेळ ऐकवत नाही. तिचा सोमवारी फोन यायचा, "केलंसा का, आत्ती?" मी म्हणायची, व्हय. वहीत खूण करायची. अशा पाच खुणा केल्या. तांबड्या गोलातला आकडा तीनचा सात झाला, सातचा अकरा. मी त्याच्याकडे बघायचं बंद केलं.

दिवाळीला बारा-तेरा दिवस उरले असताना साताऱ्याहून एका बाईंचा फोन आला. त्या दरवर्षी आमच्याकडूनच बेदाणा मागवायच्या. शांतपणे म्हणाल्या, "काकू, तुमच्या बेदाण्यावर बोट ठेवलं की पत्त्यांचा जुगार उघडतोय. धंदा बदललात का?"

मी फोनवर उघडून बघितलं. पहिल्यांदा आमचा हिरवा बेदाणा दिसला. त्यावर बोट ठेवलं तर पत्ते, नाणी आणि एक अर्धी उघडी बाई. मी परत परत तेच केलं, परत परत तीच बाई.

मुलाला बागेतून बोलावलं. त्यानं बघितलं आणि हॅकर आहेत म्हणाला, मोठमोठ्या कंपन्यांना सुटका नाही तिथं आपलं काय. त्याच दिवशी वेबसाईट जिथं ठेवली होती त्या कंपनीनं ती बंदच करून टाकली. आत जायचं दारही बंद झालं. मुलगा म्हणाला, जाऊ दे, उरलेला माल सौद्याला नेऊ. त्याला फार वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्याच्या डोक्यात त्या दिवसांत फक्त दावण्या होता, पानाखाली पांढरी बुरशी दिसते का एवढंच.

सून बहिणीला बोलावून आईला तिच्यावर सोपवून निघाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कऱ्हाडहून गाड्या बदलत पोचली. खांद्याला एक कापडी पिशवी होती, ती तिनं दाराशी खिळ्याला अडकवली. पाणी प्यायली, कंपनीला फोन केला, बराच वेळ बोलली. कंपनीचं म्हणणं असं होतं की आत शिरलेली घाण आम्ही सगळी पुसून टाकतो, त्यासोबत तुमचंही सगळं पुसलं जाईल. तुमच्याकडे जुनी प्रत असेल तर ती तुम्ही परत चढवा. पण चोर जिथून शिरला ती जागा आधी बुजवा, नाहीतर पुन्हा बंद करू.

तिनं वही मागितली. मी दिली. तिनं खुणांवरून बोट फिरवलं, वरून खाली, मग परत वर. खाली बसली.

"तुमी एक बी सोमवार चुकवला न्हाई," ती म्हणाली. "सगळं नवं केलेलं असून शिरला, म्हंजी मी निवडलेल्या तुकड्यातच खोट हाय. जुनी प्रत चढवली तर तेच भोक परत येणार. कुठला तुकडा, ते मला शोधता यायचं न्हाई, आत्ती. मला वाटलं मला हे येतंय. येत न्हाई. बंद करून टाकते."

मुलगा म्हणाला, "तेच म्हणतोय मी."

ती रडली नाही. रडली असती तर मला कदाचित गप्प बसणं सोपं गेलं असतं, उठून चहा ठेवला असता. ती वही मिटून तिच्यावर हात ठेवून बसली. सात वर्षांचं काम होतं तिचं. तिच्या जागी मी असते तर आधी दुसऱ्या कुणावर तरी ढकललं असतं. तिनं स्वतःवर घेतलं, आणि घेतलं ते माझ्या खुणांवर विश्वास ठेवून.

मी म्हणाले, "त्या खुणा खोट्या हायती."

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"किती?" सुनेनं विचारलं.

"शेवटच्या पाच. फोटो एकावर एक चढले, त्यानंतर म्या कशाला हात लावला न्हाई."

"का?"

"काढणीआधी फवारणी बंद करत्यात म्हणून."

मुलाला हसू आलं, ते त्यानं तिथंच गिळलं. सून हसली नाही. म्हणाली, "आत्ती, ही फवारणी न्हवं. हे कुंपणाचं भोक बुजवणं हाय. घड पिकल्यावर पाखरांसाठी आपण जाळी लावतो का काढतो?"

मी म्हणाले, लावतो.

तिनं वही बाजूला सारली. मग म्हणाली, "तिकडं मी दर सोमवारी वळणावर जाऊन उभी राहायची फोन लावायला. आईला एकटीला ठेवून. तुमी व्हय म्हणायचा."

"म्हणायची," मी म्हणाले.

मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती हे मला तेव्हाही कळत होतं. शब्द तोंडात येत नाहीत, याला आता या वयात इलाज नाही.

ती उठली आणि दाराशी गेली. सोबत आणलेल्या त्या कापडी पिशवीत हात घालून तिनं तळातून एक पेन ड्राइव्ह काढला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. जायच्या आदल्या दिवशी तिनं वेबसाईटची सगळी प्रत त्यात घेतली होती आणि माहेरी दाराच्या पिशवीत ठेवली होती, आईच्या औषधांच्या आणि घराच्या कागदांच्या शेजारी; निघताना ती सोबत आणली होती. मी मघाशी बोलले नसते तर तो पेन ड्राइव्ह तिथंच राहिला असता. खोट आपल्याच तुकड्यात आहे असं मानल्यावर तिच्या लेखी त्याचा उपयोग नव्हता. आता होता. भोक होतं ते फक्त नवं न केलेल्या तुकड्यांचं.

कंपनीनं सगळं पुसायला दोन दिवस घेतले. मग तिनं प्रत चढवली. मला शेजारी बसवलं आणि एकेक तुकडा माझ्याकडून नवा करून घेतला. ती फक्त बघत होती. फोटोच्या तुकड्यानं पुन्हा घोळ घातला, तो तिनं काढून दुसरा बसवला. त्या तिसऱ्या सोमवारी मी तिला फोनवर पुढं काय करायचं एवढं विचारलं असतं तर तेही तेव्हाच झालं असतं.

दिवाळीपर्यंत सगळी गिऱ्हाइकं परत आली असं नाही. बऱ्याच जणांनी दुसरीकडून घेतलं होतं. मधल्या दोन महिन्यांत लोकांनी जे लिहिलं होतं ते पुसलं गेलं ते गेलंच. साताऱ्याच्या बाईंना खोकं भाऊबीजेनंतर मिळालं. त्यांनी वेबसाईटवर लिहिलं की बेदाणा चांगला आहे आणि पत्ते मिळाले नाहीत.

सून आईकडे परत जाताना वही पुन्हा माझ्या हातात देऊन गेली. मला वाटलं होतं देणार नाही. वहीत तिनं पट्टीनं नवीन रकाने आखले होते. खुणेचा रकाना नव्हता. त्या जागी दोन रकाने, बसण्याआधी तांबड्या गोलात आकडा किती होता आणि उठताना किती राहिला. आणि सोबत पडद्याचा फोटो काढून तिला पाठवायचा. म्हणजे माझ्या नुसत्या शब्दावर आता काही सोडलेलं नाही. बरोबर केलं तिनं. मीही तेच केलं असतं.

फेब्रुवारीत घड पिकले तेव्हा मुलानं फवारणी बंद केली आणि पाखरांसाठी जाळ्या लावल्या. मी शेडच्या दारावरचं अक्षर खडूनं गिरवलं. त्या दिवशी सोमवार होता. हात धुऊन आत आले आणि वही उघडली. आधी चार, नंतर शून्य.