अंगठा मास्तरांचा सूड आणि माझा

अंगठा मास्तर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी उजव्या हाताच्या नखांकडे. काचीगुड्यात एका शिंप्याच्या दुकानाच्या माडीवर ते गिटार शिकवत. डाव्या हाताला ते खिजगणतीतही धरत नसत. "तारा काय, कुणीही दाबतो रे. सूर उजव्यात आहे."

अंगठा जाड तारांवर, करंगळी सोडून बाकीची तीन बोटं बारीक तारांवर, मनगट स्थिर. ते जरा हललं की लाकडी पट्टी बसे. "तार आत ओढ, तळहाताकडे! कोंबडीची पिसं कायकू उपटतो?" सगळा वर्ग हसे. दोन वर्षं मी एकेक पट्टी मनात साठवत होतो.

मास्तरांच्या मनातही अशीच एक पट्टी होती. ज्या ऑर्केस्ट्रात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्याच्या मालकाने बाहेरचा माल बाजारात येऊ लागताच परदेशी कीबोर्ड घेतला. त्यात गिटारच्या आवाजाचंही बटण होतं. "एक बोट दाबलं अन् मी घरी!" आता वयाने त्यांचे हात थरथरू लागले होते. म्हणून त्या मालकाला दाखवून द्यायला त्यांना माझा हात हवा होता. दिलसुखनगरच्या गणपतीत त्याच ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. मास्तरांनी मंडळाच्या हातापाया पडून त्याआधीची दहा मिनिटं माझ्यासाठी मागून घेतली.

आदल्या दिवशी बाबा वर्गात आले. मास्तर त्यांच्यासमोर म्हणाले, "ओलं लाकूड आहे हो तुमचा मुलगा, सूर धरत नाही. पण दुसरा आहे कोण मला?" बाबा हसले. ते हसणं मला झोंबलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मी उजव्या हाताची, अंगठ्यासकट वाजवायची चारही नखं मुळापासून कापली. नुसत्या बोटांच्या मांसाने छेडलेली तार मांडवात तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

स्टेजमागे त्यांनी सवयीने माझा हात धरला. कापलेल्या नखांवरून बोट फिरवलं.

"मुद्दाम?"

"हौ."

माझ्या हातातली गिटार घेऊन ते स्वतः वर गेले. त्यांचा अंगठा एका तारेवरून दुसरीवर घसरत होता. ऑर्केस्ट्राच्या मालकाने आपल्या जागेवरून कीबोर्डचं गिटारचं बटण दाबून तीच धून वाजवली आणि लोकांनी टाळ्या पिटल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण थोडाच वेळ. मग मास्तरांच्या हाताकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात मी घाबरत घाबरत वर्गात गेलो. त्यांनी हाकललं नाही. त्या दिवसापासून मी काहीही वाजवलं तरी ते "छान" म्हणत. शेवटी एकदा मी जाणूनबुजून मनगट उडवलं, अंगठा सोडून दिला, तारा बाहेर उचकटल्या. शेजारच्या नव्या मुलीने याच्या निम्म्याही चुका केल्या नव्हत्या, तरी तिला सणसणीत ओरडा बसला. तिचं बोट धरून नीट बसवता बसवता, माझ्याकडे न बघताच, मास्तर मला म्हणाले,

"बहोत अच्छा."