भागुबाईंचा डावा हात

भागुबाई डावखुऱ्या आहेत, हे पवनानगरात कुणाला सांगावं लागत नाही. भाकरी थापताना त्यांचा डावा पंजा परातीत फिरू लागला की भाकरी इतर बायकांच्या उलट्या दिशेनं मोठी होत जाते. धरणाच्या काठी तंबूंत राहायला येणारे पाहुणे ते बघायला चुलीभोवती कोंडाळं करतात. शनिवारी सत्तर-ऐंशी भाकऱ्या त्या एकट्या थापायच्या. पीठ मळून द्यायला शेजारची सविता असायची, तेवढीच मदत.

लहानपणी आईनं हातावर पळी मारमारून त्यांना उजव्या हातानं जेवायला शिकवलं. जेवणापुरतं त्यांनी ऐकलं. बाकी कोयता, झाडू, पाण्याची कळशी, सगळं डावीकडंच. भात लावताना त्यांचं कोपर शेजारणीच्या कोपराला अडायचं, म्हणून त्यांना कायम ओळीच्या टोकाला उभं करायचे. सासरी आल्यावर पहिल्याच सुगीला नवरा केरबा लोहाराकडं गेला आणि उलट्या दात्यांचा विळा करून घेऊन आला. लोहार हसला, केरबा हसला नाही. ही गोष्ट सांगताना भागुबाई अजून पदर सावरतात. केरबाला जाऊन आता नऊ वर्षं झाली.

गेल्या दिवाळीपासून एक नवंच सुरू झालं. वीसेक भाकऱ्या झाल्या की डावा हात जड व्हायचा, खांद्यापासून वाळूची पिशवी बांधल्यासारखा. हात मांडीवर ठेवून दोन मिनिटं बसलं की पुन्हा ठीक. वयाचं असेल, असं म्हणून त्यांनी मधे मधे चहा घ्यायला सुरुवात केली. हे फक्त सविताला ठाऊक होतं. तब्येतीची काळजी म्हणावी, तर तिचं कारणच दिसत नव्हतं. आरोग्य उपकेंद्रात ब्लडप्रेशर मोजायच्या दिवशी त्या न चुकता जायच्या, सवयीनं डावा हात पुढं करायच्या आणि आकडा एकशे दहा-बाराच्या वर कधी गेला नव्हता. अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढं चांगलं प्रेशर गावात दुसऱ्या कुणाचं नाही, हे भागुबाई मुलाच्या प्रवासी जीपमध्ये शेजारी बसेल त्याला ऐकवायच्या.

जानेवारीतल्या एका शनिवारी तंबूंवर एक डावखुरा पाहुणा आला. भाकरीची वाट बघत मोबाइल चाळता चाळता तो म्हणाला, की मावशी, आपल्यासारख्या डावखुऱ्यांना म्हणे हार्टचा त्रास जास्त होतो.

"मग तुमी एवढं तूप कशाला मागताय?" भागुबाईंनी विचारलं. सगळे हसले, पाहुणाही हसला.

सविता मात्र हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पाहुण्याचं बोलणं आणि हाताचं जड होणं, दोन्ही भागुबाईंच्या सुनेच्या कानावर घातलं. सून अमृता लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात काउंटर सांभाळते. डॉक्टरांकडं चला म्हणून ती रोज मागं लागली. तीन आठवडे भागुबाईंनी दाद दिली नाही. शेवटी अमृता म्हणाली, "आत्या, ते खोटं निघालं तर मीच त्या पाहुण्याला फोन करून सांगते. पण खरं की खोटं ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही आणि सविताही नाही."

सोमवारी मुलाच्या, प्रदीपच्या, जीपमधून तिघं लोणावळ्याला गेली. डॉक्टर अनिता जाधव यांच्यासमोर बसल्या बसल्या भागुबाईंनी पहिला प्रश्न तोच टाकला. डॉक्टर म्हणाल्या, काही जणांनी यावर अभ्यास केलाय, काहींना डावखुऱ्यांच्या रक्तवाहिन्या थोड्या कमजोर वाटल्या. पण तपासलेली माणसं थोडी होती आणि अजून काही पक्कं म्हणता येत नाही. तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. मग त्यांनी हात कधी जड होतो ते खोदून खोदून विचारलं आणि प्रेशर मोजलं. एकशे बारा.

"आता उजवा द्या."

"त्यानं मी निस्ती जेवती," भागुबाई म्हणाल्या.

उजव्या हातात एकशे अडुसष्ट निघालं. डॉक्टरांनी दोन्हीकडं पुन्हा मोजलं. मग दोन्ही मनगटं एकदम धरून नाड्या ताडून बघितल्या. डावी नाडी अगदी क्षीण लागत होती.

डाव्या हाताला रक्त नेणारी नळी खांद्याच्या अलीकडं अरुंद झाली होती. म्हणून काम वाढलं की हात थकायचा आणि म्हणूनच त्या हातात प्रेशर कमी दिसायचं. खरं प्रेशर उजव्या हातातलं होतं आणि ते कधीपासून वाढलेलं होतं कोण जाणे. एक नळी अरुंद असली तर हृदयाच्या नळ्याही बघाव्या लागतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाहुण्याचं खरं झालं का, एवढंच भागुबाई विचारत राहिल्या.

"तुमच्या डावेपणानं नळी अरुंद झाली असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पण उजव्या असता, तर डाव्या हाताला एवढं काम पडलं नसतं आणि आज तुम्ही इथं आला नसता. बरं, मिश्री लावता का?"

भागुबाईंनी अमृताकडं बघितलं. अमृतानं छताकडं बघितलं. तीस वर्षं, असं शेवटी कबूल झालं.

"डावेपणा सुटायचा नाही. मिश्रीतल्या तंबाखूनं मात्र नळ्या अरुंद होतात, ती आजपासून बंद."

पुण्यात तपासणी झाली. हृदयाचीही एक नळी बरीच अरुंद निघाली. ती आधी उघडायची ठरली, उजव्या मनगटातून तार घालून. आदल्या दिवशी भागुबाईंनी जेवण अर्धं सोडलं. पण तार उजवीकडून जाणार हे कळल्यावर त्या प्रदीपला म्हणाल्या, "जल्मभर बसून खाल्लंय त्यानं. करू दे की आता कायतरी." तेव्हा कुठं प्रदीपचा जीव भांड्यात पडला. तीन आठवड्यांनी हाताची नळीही उघडली.

दोन महिने चुलीपाशी सविता बसली आणि भागुबाई खुर्चीवरून तिच्या भाकऱ्यांना नावं ठेवत राहिल्या. गोळ्यांचं त्यांना काही वाटलं नाही. मिश्री सोडताना मात्र जीव नकोसा झाला. पहिल्या आठवड्यात त्यांनी सविताकडं चिमूटभर मागितली. तिनं दिली नाही, तर चार दिवस तिच्याशी अबोला धरला. आता त्या पुन्हा भाकऱ्या थापतात, पण तीस-पस्तीसच. बाकीच्या सविता करते, उजव्या हातानं, आणि समोरासमोर बसल्यामुळं दोघींची कोपरं अडत नाहीत. उपकेंद्रातल्या सिस्टरला भागुबाईंनी सगळी हकिकत दोनदा सांगितली. जीपमधल्या बायकांना किती वेळा, त्याची मोजदाद नाही.

परवा डॉक्टर अनितांकडं फेरी झाली. उजव्या हातात एकशे चौतीस, डाव्यात एकशे तीस.

"ह्ये चारचं अंतर कशाचं?" भागुबाईंनी विचारलं.

एवढं सगळ्यांचंच असतं, असं डॉक्टर म्हणाल्या.

"मग चालंल," म्हणून त्या उठल्या. अमृताला दुकानात सोडून प्रदीपच्या शेजारी पुढच्या सीटवर बसल्या. दुपारपर्यंत पवनानगरला पोचायचं होतं. तंबूंवर चाळीस माणसं येणार होती.