ज्या दिवशी मी ओरडले नाही

माझं तोंड खराब आहे. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही, हिला नर्स कोणी केलं? रोह्यात राहते आणि रोज पेणला एका लहानशा रुग्णालयात ड्युटीला येते, याला आता वीस वर्षं होत आली. इतकी वर्षं मी पेशंटवर ओरडले, त्यांच्या नातेवाइकांवर ओरडले, भेटायला येताना वडापाव घेऊन येणाऱ्या अख्ख्या गावावर ओरडले. एका वॉर्डाला आम्ही दोघी, त्यात एक रजेवर गेली की मी एकटी. गोड बोलायला वेळ लागतो हो, आणि तो माझ्याकडे कधी नव्हता.

खाडीकडच्या गावांतून येणारी माणसं मात्र माझ्या ओरडण्याला कधी रागावली नाहीत. मिठागरावर उन्हात आयुष्य काढलेली माणसं ती. कसं आहे विचारलं तर 'बरा हाय' म्हणतील, मग पायाला भोक पडलेलं का असेना. त्यांना उठवायचं तर आवाज चढवावा लागायचा. एकदा साप चावलेल्या बाईला घेऊन आलेली मंडळी तिला पुढं मोठ्या दवाखान्यात न्यायला तयार होईनात, मामा येऊदे, काका येऊदे. मी म्हटलं, 'मामा तेराव्याला येईल, चालेल का?' दहा मिनिटांत सगळे टेम्पोत. ती बाई वाचली. पुढं तिच्या सासूनं मला सुके बोंबील आणून दिले.

मग एका पेशंटच्या भाच्यानं माझं ओरडणं मोबाईलवर घेतलं आणि तक्रार केली. वरिष्ठांनी बोलावून ते मला दाखवलं. स्वतःला असं बघणं फार वाईट. मानेच्या शिरा ताणलेल्या, हातात सलाईनची बाटली, समोर एक म्हातारा खाली मान घालून बसलेला. मला माझी लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्यानंतर मला एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. संवाद, ताण, करुणा असं सगळं होतं. शिकवणारी बाई चांगली होती. आवाज खाली ठेवा, शेजारी बसा, माणसाला घाबरवू नका, निर्णय त्यांचा त्यांना घेऊद्या. मी शाळेतल्या मुलीसारखं सगळं वहीत उतरवलं. खरं काय ते स्पष्ट सांगा, असंही ती म्हणाली असणारच. माझ्या वहीत ते नाही.

त्यानंतर आठवड्याभरात खाडीकडचे एक आजोबा आले. सकाळचे दहा वाजले असतील. सोबत फक्त आजी. दोघांनी जन्मभर मिठागरावर काम केलेलं, आजीच्या टाचा अजून पांढऱ्या चिरलेल्या. आजोबांच्या छातीत पहाटेपासून दुखत होतं आणि ते म्हणत होते, 'पित्त हाय, दुसरा काय नाय.' डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, 'अटॅक आहे. लगेच पनवेलला हलवायला हवं. तुम्ही समजावून सांगा, मी ॲम्ब्युलन्सचं बघतो.'

मी आजीच्या शेजारी बाकड्यावर बसले. वहीत लिहिलं होतं तशीच. तिचा हात हातात घेतला. म्हटलं, 'आजी, बाबांच्या हृदयाला जरा त्रास झालाय. डॉक्टर म्हणतात, पनवेलला नेलेलं बरं. तिथं मोठी मशिनं आहेत. तुम्ही घाबरू नका, आम्ही आहोत ना.'

आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, 'पोराला येऊदे गो बाय. दोनला शिफ्ट सुटते त्याची.'

मुलगा रोह्याच्या कंपनीत. तिथं मोबाईल गेटवर जमा करूनच आत जावं लागतं, हे मला चांगलं माहीत आहे, माझा नवराही तसल्याच कंपनीत आहे. मी मुलाचा नंबर लावला. गेटवरच्या कपाटात कुठेतरी वाजून वाजून तो थांबला. आजीला परत म्हटलं, 'न्यायच्या कागदावर सही तुम्हीच केली तरी चालेल, आजी. बघा, विचार करा.' ती म्हणाली, 'त्याला न विचारता कसा नेऊ? येईल तो.' आणि मी, मी बया, मान डोलावली. निर्णय त्यांचा.

तेवढ्यात वडखळजवळ टेम्पो आणि मोटरसायकलची धडक झालेले तिघे आले. मी तिकडे धावले. मध्ये दोनदा आजीकडे येऊन गेले. दोन्ही वेळा हळू आवाजात विचारलं, दोन्ही वेळा ती हळू आवाजात 'येईल तो' म्हणाली. एकदा तर ती आजोबांना बशीतून चहा पाजत होती. डॉक्टरही रक्ताने माखलेल्या हातांनी तिला एकदा सांगून गेले, पण डॉक्टरांची बोली त्या माणसांना लागत नाही, ती सिस्टरच्या तोंडाकडे बघतात. एरवी मी कंपनीच्या गेटवर फोन लावून तिथल्या वॉचमनला फैलावर घेतलं असतं. नवऱ्याला विचारलं असतं तर नंबर पाच मिनिटांत मिळाला असता. मला सुचलंच नाही. मला माझं कौतुक वाटत होतं, हे सांगायला जीभ रेटत नाही, पण तसं होतं. आज आपण कोणावर ओरडलो नाही, याचं.

सव्वादोनला मुलाचा फोन आला. मोटरसायकल दामटत तो तीनच्या पुढे पोचला. सही झाली, ॲम्ब्युलन्स निघाली. जिते गाव मागे टाकून थोडी पुढे गेली असेल, ड्रायव्हरचा फोन आला की परत फिरतोय. मी औषधांच्या कपाटाआड जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. वॉर्डातून कोणीतरी सलाईन संपल्याचं सांगत होतं.

प्रशिक्षणवाल्या बाईचा काही दोष नाही. तिनं सांगितलेलं बरोबरच होतं, आणि त्या भाच्याची तक्रारही खोटी नव्हती. मग चुकलं काय, ते मी स्वतःला रोज विचारते आणि रोज तिथंच येऊन थांबते. आजोबा वेळेत पोचले असते तर वाचलेच असते, असं कोणी छातीठोक सांगणार नाही. मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, 'मॅडम, जेवून घ्या.'

तीन आठवड्यांनी आजी आली. आजोबांच्या अंगावर घातलेली आमची चादर धुऊन, घडी करून तिनं आणली होती. इतक्या वर्षांत आमची चादर कोणी परत आणलेली मला आठवत नाही. मी म्हटलं, 'आजी, त्या दिवशी मी तुम्हाला नीट सांगायला हवं होतं.'

ती म्हणाली, 'सांगितलंस की. तू वरडली नाय, म्हनून मी म्हटला, साधाच हाय. तू किती मायेन बोलत होतीस.'

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. आपल्यावर कोणी ओरडावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तिच्या मागे एक शेजारीण उभी होती, तोंड सुजलेलं, दम लागलेला. आजीनं तिला हाताला धरून पुढं केलं. 'ही बीपीच्या गोल्या खात नाय,' ती म्हणाली. 'हिला जरा वरड गो बाय. तू वरडलीस का खाईल.'

मी पट्टा बांधून बीपी बघितलं. आकडा भयंकर होता. दोघी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी तोंड उघडलं, आणि आवाज काही केल्या फुटेना.